अर्धा गुण वजा

पहाटे पावणेसहाला माणसाने काय करावं याबद्दल माझ्या अपेक्षा फार माफक आहेत. कूस बदलावी, पांघरूण डोक्यावर ओढावं आणि दूधवाल्याची बेल आपल्याआधी बायकोला ऐकू येईल या आशेवर पडून राहावं. बँकेत पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवल्यावर एवढं सुख पदरात पडायला हरकत नव्हती. पण २०२५च्या जूनमध्ये भाची आमच्याकडे राहायला आली आणि पावणेसहाला माझ्या कानाशी आवाज येऊ लागला, "मामा, उठा. विचारा."

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण माढा तालुक्यात दिलेली. मुलीला घरात सगळे चिमी म्हणतात, पण तिला व्हायचंय उपजिल्हाधिकारी. सदाशिव पेठेत राहणाऱ्याला एमपीएससी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आमचा जिना उतरला की पन्नास पावलांत दोन अभ्यासिका, एक मेस आणि तीन झेरॉक्सची दुकानं लागतात. इतिहास, भूगोल, राज्यघटना हे सगळं ती अभ्यासिकेत उरकायची. 'चालू घडामोडी' मात्र तिला चहाबरोबर लागायच्या. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं जाडजूड मासिक माझ्या हातात ठेवून म्हणाली, "तुम्ही फक्त विचारायचं. उत्तरं मागे दिलीत."

पहिल्याच दिवशी मी चष्मा लावून खणखणीत आवाजात वाचलं, "खालीलपैकी कोणते ती विधान ने अयोग्य आहे त?"

आतून बायको म्हणाली, "अहो, सकाळी सकाळी कोणाशी भांडताय?"

छापलेलं होतं ते असं: 'खालीलपैकी कोणते/ती विधान/ने अयोग्य आहे/त?' एक विधान चुकीचं असलं तरी चालावं, चार असली तरी चालावं, म्हणून प्रश्नालाच दोन्ही बाजूंनी शेपट्या लावलेल्या. मी म्हटलं, ही कुठली मराठी? चिमी म्हणाली, "परीक्षेतली. पुढे वाचा."

मी नुसता विचारत राहिलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण चाळीस वर्षं रोजचा पेपर श्रद्धांजलीच्या चौकटींसकट वाचणारा माणूस गप्प कसा बसेल? तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून गेलं, "हे काय विचारायचं? हे कोणीही सांगेल."

"मग सांगा," चिमी म्हणाली.

त्या दिवसापासून मी परीक्षार्थी झालो. नियम आयोगाचेच: बरोबर उत्तराला दोन गुण, चुकलं की अर्धा गुण वजा. चार चुका झाल्या की एक बरोबर उत्तर मेलं. आमच्या घरी चार चुका म्हणजे एक क्रीमरोल, तो मी कोपऱ्यावरच्या बेकरीतून स्वतः जाऊन आणायचा. हिशेब बायको भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या चौकटीतच पेन्सिलीने लिहिणार. महिनाअखेरीस दूधवाल्याला कोणी ते सगळं मिळून पैसे दिले नाहीत, हे नशीब.

पहिला फटका चंद्रावर बसला. तो प्रसंग तर मी जगलेला. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटं. सोसायटीतले सगळे आमच्याच टीव्हीसमोर, कारण आमचा टीव्ही मोठा. विक्रम उतरला तेव्हा मी पेढे वाटले आणि डोळेही पुसले. त्यामुळे "चांद्रयान-३ चंद्रावर कुठे उतरलं?" या प्रश्नाला मी चहाचा घोट न सोडता म्हणालो, "दक्षिण ध्रुवावर."

"अर्धा गुण वजा. ध्रुवावर नाही, ध्रुवाजवळ. साधारण ६९ अंश दक्षिण अक्षांश."

"जवळच की मग!"

तिने वहीत गणित मांडलं. चंद्रावर एक अंश म्हणजे तीस किलोमीटर. ध्रुव ९० अंशावर. मधलं अंतर सहाशे किलोमीटरच्या वर, म्हणजे सरळ रेषेत पुणे ते नागपूर. मला आमच्या इमारतीची जुनी जाहिरात आठवली. तीत 'स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर' असं होतं आणि स्टेशनला जायला रिक्षावाला आजही आधी आपलं तोंड नीट न्याहाळतो. ध्रुवाजवळच्या खड्ड्यांत ऊन कधी पोचत नाही, तिथे बर्फाच्या रूपात पाणी आहे, म्हणून सगळ्यांना तिकडे जायचंय, हेही तिने सांगितलं. पाण्याच्या आशेने गावाबाहेर सहाशे किलोमीटरवर जागा घेणं मी समजू शकतो. पुण्यात लोक हेच करतात.

पुढे विज्ञानाच्या प्रश्नांची एक युक्ती मला सापडली. मंगळाच्या कक्षेत यान पाठवण्यात भारत कितवा? चौथा. चंद्रावर अलगद उतरण्यात? चौथा. जानेवारी २०२५मध्ये अंतराळात दोन उपग्रह एकमेकांना जोडले, त्यात? चौथा. २०१९मध्ये क्षेपणास्त्राने उपग्रह पाडला, त्यात? तोही चौथा. प्रश्न पुरता ऐकून न घेता मी "चौथा!" म्हणू लागलो. सलग चार बरोबर. कॅलेंडरवर क्रीमरोल उलटे फिरू लागले. मग चिमीने शांतपणे विचारलं, "चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरणारा भारत कितवा देश?"

"चौथा!"

"पहिला. मामा, पेढे तुम्हीच वाटले होते ना?"

अंतराळाचं एकच उत्तर आमच्या घरात सगळ्यांच्या लक्षात राहिलं, तेही वेगळ्या कारणाने. शुभांशु शुक्ला जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात अठरा दिवस राहून आले. राकेश शर्मांच्या १९८४च्या उड्डाणानंतर अंतराळात गेलेले ते दुसरे भारतीय. तिथे त्यांनी मूग आणि मेथीला मोड आणले. हे ऐकून बायको ओट्याकडून गॅलरीत गेली, तिथल्या कुंडीकडे पाहत उभी राहिली आणि परत येऊन मला म्हणाली, "वर गुरुत्वाकर्षण नसताना मेथी उगवते. खाली तुम्ही पाणी घालायला असताना उगवत नाही."

यावर पर्याय चार होते, पण मी निरुत्तर राहिलो. उत्तर न दिल्यास गुण वजा होत नाहीत. संसारातही हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो.

खरा सूड उगवला तो कायद्यांनी. १ जुलै २०२४पासून १८६०ची भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. बातमी मी वाचली होती, मान डोलावून पान उलटलं होतं. पण कलमांचे आकडे बदलले म्हणजे काय झालं, ते चिमीने विचारायला लागल्यावर कळलं. फसवणूक आता ३१८. म्हणजे आयुष्यभर ज्या-ज्या माणसाला मी मनातल्या मनात 'चारसोबीस' म्हणत आलो, तो कायद्याने चारसोबीस राहिलेलाच नाही! आमच्या इमारतीला ज्याने 'हाकेच्या अंतरावर' म्हटलं होतं, त्याला मी मोठ्याने 'तीनशे अठरा' म्हणून पाहिलं. अजिबात लागत नाही. शेजारच्यांना वाटलं मी फ्लॅटचा नंबर शोधतोय.

खून ३०२ वरून १०३ वर गेला. लहानपणापासून सिनेमाच्या शेवटच्या दहा मिनिटांत न्यायाधीश जो आकडा गंभीरपणे उच्चारायचे, त्या ३०२ मध्ये आता धार्मिक भावना दुखावणारे शब्द बसलेत. मी म्हटलं, तिथेही शेवटी मारामारीच होते, जागा फार चुकली नाही. चिमी हसली नाही. जमावबंदीचं १४४ सुद्धा १६३ झालंय. लग्नाच्या पंगतीत एका टेबलाभोवती नातेवाइकांचा घोळका जमला की "१४४ लागू करा रे" म्हणायचा माझा जो एकमेव हमखास विनोद होता, तोही रद्दबातल. त्या आठवड्यात मी साडेतीन क्रीमरोल हरलो. अर्धा बायकोने माफ केला.

तरीही किल्ल्यांच्या दिवशी मी बाह्या सरसावून बसलो होतो. ११ जुलै २०२५ला 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. "कोणतेही चार सांगा," चिमी म्हणाली. पुणेकराला किल्ले विचारणं म्हणजे कोल्हापूरकराला रस्सा विचारणं.

"सिंहगड, तोरणा, पुरंदर, राजगड."

ती काही क्षण माझ्याकडे नुसती पाहत राहिली. तीन चूक, एक बरोबर. तोरणा नाही. पुरंदर नाही. आणि सिंहगड? ज्या गडावर मी वयाच्या बाराव्या वर्षापासून पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खातोय, जिथे दर रविवारी अर्धं पुणे चढून जातं आणि उरलेलं अर्धं गाडी घेऊन, तो यादीतच नाही! मी मासिक हातातून ओढून घेतलं. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. अकरा झाले. बारावा जिंजी.

"जिंजी तर तमिळनाडूत आहे!" मी ओरडलो.

"राजाराम महाराज आठ-नऊ वर्षं कुठून राज्य चालवत होते?"

हे मला माहीत होतं. म्हणजे शाळेत होतं. तरी सिंहगड नाही हे काही गळी उतरेना. पुढच्या रविवारी मी मुद्दाम गडावर गेलो, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि पिठलंवाल्या मावशींना ही बातमी सांगितली. त्या म्हणाल्या, "बरंच झालं. यादीत गेलो असतो तर आमची चूल आधी हलवली असती."

अभिजात भाषेचा प्रश्न मी पटकन उरकतो, कारण तो आठवला की अजून कान गरम होतात. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्या दिवशीही मीच पेढे वाटले होते. (माझ्या पेढ्यांचा आणि माझ्या माहितीचा संबंध नाही, हे आता तुमच्या ध्यानात आलंच असेल.) "मराठीबरोबर आणखी कोणत्या भाषांना?" मी म्हणालो, आणखी कोणाला कशाला देतील? तर पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली. त्याखालचाच प्रश्न सुरू होत होता, 'वरीलपैकी कोणते/ती...' दर्जा मिळालेल्या भाषेचा तो नमुना मी दोनदा वाचला आणि चहा गार करून प्यालो.

राजकारणात मी जपून असतो, कारण आमच्या घरात तीन पक्ष आहेत आणि माणसं तीनच. पण १०६व्या घटनादुरुस्तीवर एकमत झालं. लोकसभा आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा, २०२३. चिमीने पुढची ओळ वाचली: अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर. शेवटची जनगणना २०११ची. पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७.

"म्हणजे मंजूर झालंय, पण मिळालेलं नाही," बायको म्हणाली. "हॉलच्या रंगासारखं."

हॉलला रंग द्यायचं मी २०१९च्या दिवाळीत मंजूर केलं होतं.

परीक्षा २८ सप्टेंबरला होती. कॅलेंडरवर त्या तारखेभोवती चिमीने लाल गोल केला होता आणि २९ तारखेभोवती मी हिरवा. पण सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापुरात जो पाऊस कोसळला, त्यात चालू घडामोडीच परीक्षेवर येऊन आदळल्या. सीनेला पूर आला. बहिणीचा फोन आला की उडदात पुरुषभर पाणी आहे, जनावरं शाळेत नेऊन बांधलीत. ते दोन दिवस घरात कोणी काही विचारलं नाही. चिमी फोन उशाशी घेऊन झोपायची. तिसऱ्या दिवशी तिनेच मासिक उघडलं. प्रश्न होता, 'सीना ही कोणत्या नदीची उपनदी आहे?' तिने "भीमा" म्हटलं आणि पान उलटलं. मी गुण मांडले नाहीत.

पूर्वपरीक्षा ९ नोव्हेंबरवर गेली. माझा हिरवा गोल सहा आठवडे पुढे सरकला. त्यात अडचण अशी की परीक्षा थांबली तरी देश थांबत नाही. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे १२ आणि २८चे टप्पे गेले, ५ आणि १८ उरले, चैनीच्या आणि व्यसनांच्या गोष्टींना ४०. बिस्किटं आणि केकवरचा कर १८ वरून ५वर आला. हे एकमेव उत्तर मी स्वतःहून पाठ केलं, कारण त्यात माझा थेट आर्थिक संबंध होता. बेकरीत जाऊन सांगितलंही. बेकरीवाला म्हणाला, "काका, आपण बिल कधी करतो?"

२ नोव्हेंबरला रविवार होता. महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, नवी मुंबईत. पावसाने दोन तास खाल्ले. चिमी 'पंचायत राज' मांडीवर घेऊन बसली होती आणि रात्री दहापर्यंत तिचं एकच पान उघडं होतं. शफाली वर्माने ८७ केल्या, वर दोन बळी घेतले. "हिला तर आधी संघातच घेतलं नव्हतं," बायको म्हणाली. प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून बोलावली होती. दीप्ती शर्माने अर्धशतकही केलं आणि पाच बळीही घेतले. हरमनप्रीतने मागे धावत शेवटचा झेल घेतला तेव्हा पंचायत राज सोफ्याखाली गेलं होतं. खालच्या मजल्यावर फटाके, समोरच्या अभ्यासिकेतून शंभर पोरं रस्त्यावर, आणि आमच्या न रंगवलेल्या हॉलमध्ये तीन पक्ष हात धरून नाचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला, "मामा, उठा."

मी उठलो. त्या दिवशी मी कोणालाही भीत नव्हतो.

"भारताने महिला क्रिकेट विश्वचषक किती धावांनी जिंकला?"

"बावन्न. दक्षिण आफ्रिका. डी. वाय. पाटील स्टेडियम. सांग, आणखी काय हवंय?"

"कोणत्या तारखेला?"

"३ नोव्हेंबर!"

"२ नोव्हेंबर. अर्धा गुण वजा."

"अगं, मी जागा होतो! आपण नाचत होतो तेव्हा मी घड्याळ पाहिलंय. बारा वाजून गेले होते!"

"सामन्याची तारीख धरतात, मामा. नाचायची नाही."

बायको पेन्सिल घेऊन कॅलेंडरसमोर उभीच होती. तिने आकडा मांडला, मागचे तीन मोजले आणि दूध किती घ्यायचं ते विचारावं अशा आवाजात म्हणाली, "चार झाले."

मी चपला घातल्या. बेकरी सातला उघडते, पण मागच्या दाराने साडेसहालाही देतात, हे आता मला माहीत झालंय.