‘शिकवलं की सोडून जातात’: छोट्या व्यवसायांसाठी फिरणाऱ्या एका मेसेजचा प्रतिवाद

छोटे व्यवसाय चालवणाऱ्यांमध्ये एक मेसेज वरचेवर फिरतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. कामगारांना डिजिटल कौशल्यं शिकवण्यात पैसे घालू नका, शिकले की सोडून जातात. तरुण मुलांना तर सगळं येतंच. चांगलं सॉफ्टवेअर घेतलं की शिकवण्यासारखं काही उरत नाही. विकणारा डेमो देतो, तेवढा पुरे. आणि राहिलंसाहिलं एआय बघून घेईल. यातल्या पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात.

‘शिकले की सोडून जातात.’

काही जण जातातच. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये यासाठी एक उपयोगी फरक मांडला होता: कुठेही चालणारं कौशल्य वेगळं आणि फक्त त्याच ठिकाणी कामाला येणारं वेगळं. पहिल्याचा खर्च मालकाला जड वाटतो, कारण फायदा माणसाबरोबर बाहेर जातो. त्यामुळे कामगाराच्या सर्वसाधारण संगणक कोर्सची फी मालकाने भरावी का, यावर वाद घालायला जागा आहे. पण छोट्या व्यवसायात शिकवायचं असतं ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचं. दर बदलला की तो कुठल्या तीन ठिकाणी बदलायचा, परत आलेल्या मालाची नोंद कशी उलटवायची, महिनाअखेरीला कुठले दोन आकडे जुळले पाहिजेत. एवढ्या भांडवलावर दुसरीकडे कोणी जास्त पगार देत नाही.

आणि न शिकवता ठेवलेला माणूस गेला तर काय होतं, हे मेसेज विचारत नाही. सगळं काम एकाच्या डोक्यात, बिलिंगचं खातं त्याच्या खासगी ईमेलवर, पासवर्ड बदलायचा ओटीपी त्याच्या फोनवर. तो गेला की खातंही अडकतं. खाती आणि रिकव्हरीचा नंबर व्यवसायाच्या नावावर असावा, अ‍ॅडमिनचे अधिकार दोघांकडे असावेत, नेहमीच्या प्रत्येक कामाचं एक पान लिहिलेलं असावं. याला पैसे लागत नाहीत, दोनतीन दुपारी लागतात.

‘तरुणांना सगळं येतंच.’

फोनवर सराईत बोटं फिरणं आणि नोंदी न बिघडवता सांभाळणं, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. आठवीतल्या मुलांच्या संगणक-साक्षरतेची आयसीआयएलएस ही आंतरराष्ट्रीय चाचणी २०१८ मध्ये झाली, तेव्हा सर्वात वरच्या पातळीपर्यंत सरासरी फक्त २ टक्के मुलं पोचली. ही मुलं स्क्रीनसमोरच वाढलेली होती.

चूक कुठे होते ते एका फाइलवर बघू. मालाची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले रकाने असलेली साधी मजकूर-फाइल) आली आहे, एका रकान्यात १३ अंकी बारकोड आहेत. कामगार फाइलवर डबल-क्लिक करतो, ती एक्सेलमध्ये उघडते. एक्सेल बारकोडला साधी संख्या समजतो आणि ९७८०३०६४०६१५७ हा कोड ९.७८०३१ई+१२ असा आखडून दाखवतो (म्हणजे ९.७८०३१ गुणिले दहाचा बारावा घात). अजून काही बिघडलेलं नाही, आत पूर्ण आकडा शाबूत आहे. कामगार एक किंमत दुरुस्त करून सेव्ह करतो, आणि इथे घात होतो: सीएसव्हीमध्ये पडद्यावर दिसतं तेच लिहिलं जातं. पुढच्या वेळी तो कोड ९७८०३१००००००० झालेला असतो. सुरुवातीचे सहा आकडे सारखे असलेल्या बऱ्याच वस्तू मग एकाच कोडवर येऊन बसतात आणि ‘सिस्टिम चुकीचा माल दाखवते’ अशी तक्रार सुरू होते.

सुरुवातीची शून्यं गळून ००७४२ चं ७४२ होणं हे याचंच भावंड. १६ अंकी क्रमांक टाकला तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल १५ अंकांपुढे अचूकता ठेवत नाही. तारखांचं दुखणं अधिक छुपं आहे. महिना आधी मानणाऱ्या संगणकावर ०३/०४ चे दिवस-महिने गुपचूप उलटतात, तर २५/०४ मजकूर म्हणून तशीच राहते. ओळखायची खूण सोपी आहे: चौकटीत डावीकडे चिकटलेली तारीख मजकूर असते, उजवीकडची एक्सेलने तारीख म्हणून घेतलेली. एकाच रकान्यात दोन्ही दिसल्या तर उजवीकडच्या उलटल्या असण्याची शंका घ्यावी. बारकोडवरचा उपायही साधाच. फाइल डबल-क्लिकने उघडायची नाही. रिकामी शीट उघडून ‘डेटा’ मेनूतून ती आत आणायची आणि कोडच्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवायचा. शिकवायला अर्धा तास लागतो, पण हे फोन वापरून कोणाला आपोआप येत नाही.

चुका फक्त छोट्यांच्या होतात असंही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून १५,८४१ कोविड रुग्ण गळाल्याचं उघड झालं. माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती. तिच्यात ६५,५३६ च ओळी मावतात, त्यापुढच्या कापल्या गेल्या.

‘चांगलं सॉफ्टवेअर घ्या, काम झालं.’

नुसतं नवं यंत्र आणून भागत नाही, हे कारखान्यांत विजेची मोटर आली तेव्हाच दिसलं होतं. सुरुवातीला वाफेचं इंजिन काढून जागेवर एक मोठी मोटर बसवली. त्या एकाच इंजिनाची ताकद सगळ्या यंत्रांना पोचवणारा छताखालचा लांब दांडा आणि त्यावरचे पट्टे मात्र तसेच ठेवले. उत्पादकतेत मोठी वाढ दिसली ती प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर देऊन कामाची मांडणीच बदलल्यावर, अमेरिकेत साधारण १९२० च्या दशकात. नवं बिलिंग सॉफ्टवेअर घेऊन कागदी वहीही चालू ठेवणं म्हणजे मोटर बसवून जुनेच पट्टे फिरवणं. दोन्हीकडे नोंद, दोन्हीकडे वेगळे आकडे, आणि शेवटी विश्वास वहीवरच.

‘डेमो पुरे.’

डेमोतली माहिती स्वच्छ असते. त्यात दोनदा नोंदलेला ग्राहक नसतो, अर्धवट परत आलेला माल नसतो, मध्येच गेलेलं इंटरनेट नसतं. कामगार अडतो नेमका तिथेच. शिवाय नुकतंच शिकलेलं सर्वात वेगाने विसरलं जातं ते पहिल्याच एकदोन दिवसांत. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच हे दाखवलं.

यापेक्षा जुनी पद्धत बरी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नवख्या कामगारांना कारखान्यात लवकर तयार करण्यासाठी चार पायऱ्या ठरवल्या होत्या: माणसाला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर पाठपुरावा करा. आपल्याकडे ती अशी बसते. एका बैठकीत एकच काम, ४५ मिनिटांच्या आत. खऱ्या फाइलची प्रत घ्यायची, मूळ फाइल नाही. तिसऱ्या पायरीत माऊस कामगाराच्या हातात द्यायचा आणि शिकवणाऱ्याने हात मागे बांधायचे. सर्वात जास्त मोडली जाते ती हीच पायरी, कारण दुसऱ्याची चाचपड बघवत नाही. ‘ही पायरी का?’ हे कामगाराने स्वतःच्या शब्दांत सांगायचं. दोन दिवसांनी तेच काम, या वेळी मुद्दाम बिघडवलेल्या फाइलवर: एक कोड उडवलेला, एक तारीख उलटी.

कामाच्या पानावर काम कधी करायचं, फाइल कुठली, पायऱ्या, तपासणी आणि अडलं तर विचारायचं कोणाला, एवढंच हवं. पान बरं जमलंय का, हे ते काम कधीच न केलेल्या माणसाला देऊन बघावं. तो जिथे थांबून विचारतो, तिथे पानात एक ओळ कमी आहे.

‘एआय बघून घेईल.’

एआय सूत्र लिहून देतो, बहुतेकदा बरोबर. पण व्हीलुकअपमधलं (दुसऱ्या यादीतून वस्तूचा दर वगैरे शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र) चौथं पद सुटलं तर एक्सेल हुबेहूब जुळणी सोडून जवळपासची जुळणी शोधतो. कुठलाही इशारा न देता एका वस्तूचा दर दुसरीला लागतो. ते पद सुटलंय हे कळायला बघणाऱ्याला व्हीलुकअप यावा लागतो. त्याहून साधी सवय म्हणजे काम करण्याआधी ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज कागदावर टिपायची, झाल्यावर जुळवायची आणि मधल्या कुठल्याही पाच ओळी हाताने तपासायच्या. दर चुकीचे लागले असतील तर बेरीज जुळूनही या पाच ओळींतच ते सापडण्याची शक्यता असते.