‘बिस्किटं चारून कुत्रा सुधारत नाही’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला, सोबतचा 22 सेकंदांचा व्हिडिओही तीन-चारदा बघितला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या प्रशिक्षणावर सहा आठवडे आणि 14,400 रुपये घालवूनही 14 महिन्यांचा लॅब्रडोर सोसायटीच्या गेटबाहेरची भटकी कुत्री दिसली की झेप घेतो, आम्ही नुसतं खायला घालतो, हातात खाऊ नसला तर तो ओळखही दाखवत नाही, आणि चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) वापरणाऱ्या एका प्रशिक्षकानं शेजाऱ्यांचा जर्मन शेफर्ड दहा दिवसांत गप्प केला.

आधी आमची चूक. 12 सत्रांपैकी शेवटची तीन तुमच्या गेटवर व्हायला हवी होती. पावसामुळे ती आम्ही आमच्या शेडमध्येच उरकली. शेडमध्ये जमलेली ‘बस’ ही आज्ञा रस्त्यावर जमतेच असं नाही. जागा आणि वास बदलले की कुत्र्याला तोच धडा जवळजवळ पहिल्यापासून गिरवावा लागतो. हे ठाऊक असून आम्ही कोर्स पूर्ण झाल्याची नोंद केली. त्या तीन सत्रांचे 3,600 रुपये परत घ्या, नाहीतर तीच सत्रं गेटवर करून घ्या.

चोक चेन मात्र आम्ही लावणार नाही. कारण सांगतो, पण आधी व्हिडिओ.

पाचव्या सेकंदाला टपरीखालचं काळं कुत्रं उठतं. त्याच क्षणी तुम्ही लीशचे दोन वेढे मुठीला घेऊन ती ताणता. लॅबचं तोंड मिटतं, शेपूट ताठ वर जातं, अंगाचा भार पुढच्या पायांवर येतो. नवव्या सेकंदाला झेप. अकराव्या सेकंदाला तुम्ही त्याच्या नाकासमोर ग्लुकोज बिस्किट धरता आणि तो ते हुंगतही नाही. याला हट्टीपणा समजू नका, इतका चेकाळलेला कुत्रा खात नाही. उलट खाऊ नाकारला की आम्ही ओळखतो, अंतर कमी पडलं. गेटपासून टपरी साधारण 8 मीटर दिसते. पहिल्या दिवशीच्या आमच्या नोंदीत हाच लॅब 20 मीटरवरून कुत्रं बघत आरामात चिकन खात होता. काम तिथून सुरू करायचं.

छातीवर हूक असलेला हार्नेस आणि 2 मीटरची साधी लीश घ्या, आपोआप गुंडाळणारी नको. लीशला सैल झोळ हवा. ती ताणली की ‘समोर काहीतरी धोका आहे’ ही बातमी तुमच्याच हातून त्याला पोचते. 20 मीटरवर उभे राहा. त्यानं भटक्या कुत्र्याकडे बघितलं की लगेच ‘शाब्बास’, आणि एका सेकंदाच्या आत कमरेच्या पिशवीतून खाऊ. भुंकल्यावर खाऊ दाखवणं म्हणजे वरात गेल्यावर घोडं आणणं. काही दिवसांत तो कुत्रं बघून आपणहून तुमच्याकडे मान वळवायला लागतो, उधारी वसूल करायला आल्यासारखा. दहापैकी आठ वेळा मान वळली की 1-2 मीटर पुढे जा. लागोपाठ दोनदा फसलं की मागे या. 5-5 मिनिटांच्या दोन फेऱ्या दिवसाला पुरेत. एखादं कुत्रं अचानक अंगाशी आलंच, तर लॅबला आवरत उभे राहू नका. ‘चल’ म्हणून गर्रकन वळा आणि चालू लागा. हे वळण आधी घरात, मग जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये पन्नासएक वेळा घोटलेलं असावं, ऐन वेळी ते सुचत नाही.

खाऊ म्हणजे बिस्किट नव्हे. बिस्किट चावायला वेळ लागतो, चुरा पडतो आणि कुत्रा तो हुंगत बसतो. बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर घ्या, वाटाण्याएवढे तुकडे करून. दिवसाच्या खुराकाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको, आणि तेवढा वाडग्यातून कमी करा. लॅब सुटायला वेळ लागत नाही.

‘हातात खाऊ असेल तरच ऐकतो’ ही तुमची तक्रार मात्र खरी आहे. आमिष वेळेवर हातातून काढलं नाही की हेच होतं. ‘बस’ शिकवताना तीन ते पाच वेळा खाऊ हातात धरायचा, त्यानंतर तीच खूण रिकाम्या हातानं करायची आणि बक्षीस पिशवीतून द्यायचं. पक्कं झालं की दर वेळी न देता मधूनमधून द्या, आणि कधी खाऊऐवजी गेट उघडा, चेंडू टाका, खांब हुंगू द्या. भटक्या कुत्र्यांसमोर मात्र काही महिने दर वेळी खाऊ द्यायचाच. तिथे आपण आज्ञा शिकवत नसतो, कुत्रं दिसणं म्हणजे काहीतरी चांगलं, एवढंच त्याच्या डोक्यात बसवत असतो.

आता चोक चेन. ती कामच करत नाही असं आम्ही म्हणणार नाही. शिक्षेनं वागणं दबतं. पण त्यासाठी झटका नेमक्या सेकंदाला, पहिल्याच वेळी पुरेशा जोराचा आणि दर वेळी बसावा लागतो. हळूहळू जोर वाढवत नेला तर कुत्रा सरावतो आणि मानेवरचा ताण वाढत जातो. मानेत श्वासनलिका आहे, आणि गळ्यातला पट्टा ओढला गेला की डोळ्यांतला दाबही वाढतो. याहून वाईट म्हणजे, भटकं कुत्रं दिसलं की गळा आवळतो हे समीकरण पक्कं होतं. राग त्या कुत्र्यावर निघतो. गुरगुरणं दाबून टाकलं तर आतली भीती तशीच राहते, फक्त चावण्याआधीची सूचना जाते. शेजाऱ्यांचा शेफर्ड आम्ही पाहिलेला नाही, त्याच्याबद्दल मत देत नाही. पण ‘गप्प झाला’ आणि ‘निवांत झाला’ यांत फरक असतो. तो कुत्रं दिसल्यावर खातो का, अंग सैल असतं का, ते बघा.

रिमोटनं विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्याचंही तुम्ही विचारलंत. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाचा 2020 चा अभ्यास नेमका यावर आहे: बोलावल्यावर न येणाऱ्या 63 कुत्र्यांपैकी एका गटाला हा पट्टा लावून शिकवलं, तेही उत्पादकांच्या संघटनेनं सुचवलेल्या प्रशिक्षकांच्या हातून. बक्षीस पद्धतीच्या गटापेक्षा हा गट कुठेही सरस ठरला नाही.

राहिलं तुमचं ‘सोफ्यावर बसतो, म्हणजे तो स्वतःला घरातला बॉस समजतो’ हे म्हणणं. कळपात बॉस होण्याची धडपड चालते ही कल्पना प्राणी-अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलेल्या निरीक्षणांपासून पसरली. मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये मांडलं. तुमचा लॅब वयात आलेला, उतावळा आहे; सोफ्यावर बसण्याचा गेटवरच्या झेपेशी संबंध नाही. सोफा नको असेल तर खुशाल बंद करा. बक्षीस पद्धतीत नियम नसतात असं नाही.

सत्रं घ्यायची ठरवलीत तर शनिवारी सकाळी साडेनऊला येतो. टपरीवरची कुत्री तोवर हुंदडून आडवी झालेली असतात, आणि पडलेलं कुत्रं हलत्या कुत्र्यापेक्षा खूप सोपं. वॉचमनना सांगून ठेवा, त्या अर्ध्या तासात पोळ्या टाकू नका म्हणून. लॅबला सकाळचं जेवण निम्मंच द्या, उरलेलं आम्ही गेटवर देऊ.