चांदोलीची सहल आणि उसातला बिबट्या

थंडी पडली की आमच्या सांगलीच्या शिराळा-वाळव्याकडं शाळांच्या सहली सुरू होतात, आणि हल्ली पत्रकात 'निसर्ग शिक्षण' असं लिहून चांदोलीचं जंगल घालायची फॅशन आलीय. चांगलंच आहे, पण नेऊन करतात काय तर गाडीतनं उतरायचं, रांगेत उभं राहून माहिती ऐकायची, डबा खायचा, ग्रुप फोटो काढायचा आणि धरण बघून परत. माहिती तरी कसली, 2004 ला राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 ला कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, शेकरू आपला राज्यप्राणी. हे सगळं पुस्तकात आहे की राव, त्यासाठी डिझेल कशाला जाळायचं!

पोरांचं एकच, वाघ दिसणार का? ताडोब्याची वाघीण इथं आणून सोडल्यापासून तर जास्तच. एवढ्या गच्च रानात वाघ असा रस्त्यावर येऊन बसत नसतो, हे आधीच सांगून टाका ना.

गेल्या सहलीला मी पालक म्हणून गेलो होतो. गाइड एक म्हातारबा, अभयारण्यात उठलेल्या गावातले. त्यांनी भाषणच केलं नाही. सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, जांभ्या दगडावर उदमांजराची विष्ठा पडलेली, तिच्याभोवती पोरांना बसवलं. आधी सगळी ईईई करत नाकं धरून, मग एकीनं काडीनं उकरलं तर आत नुसत्या बिया. म्हातारबा म्हणाले, "झाड असंच फिरतंय बाळांनो, त्याला कुठं पाय हाईत." मग खालचं गवत दाखवून म्हणाले, "ही आमची शेतं, आता गवं चरत्यात." अख्ख्या सहलीत पोरं तेवढीच वीस मिनिटं गप्प होती.

माझं म्हणणं एवढंच, की शिकवायचं तर उद्या गाठ पडणार आहे ते शिकवा. आमच्या पोरांची गाठ वाघाशी नाही, उसातल्या बिबट्याशी पडते. ऊसतोडीत पिल्लं सापडली की मोबाईल काढून गर्दी, उचलाउचली, कोण घरी पण घेऊन जातंय. पिल्लाला हात लावायचा नाही, वनविभागाला फोन करायचा, तोड थांबवायची, ते लोक पिल्लं त्याच जागी ठेवतात आणि बहुतेक वेळा रात्री आई येऊन घेऊन जाते. अंधारात एकटं घरामागं परड्याकडं जायचं नाही, बॅटरी घ्यायची, मोठ्यानं बोलत जायचं, बिबट्या दिसला तर पाठ दाखवून पळायचं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ओळखायचं लांबूनच, आणि चावलं तर मांत्रिक नाही, सरळ सरकारी दवाखाना. हे सहावीच्या पोराला पाठ पाहिजे.

आणि सगळ्यात जास्त धोका कुणाला? फडाशेजारी कोपीत झोपणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या पोरांना. त्यांची नावं कुठल्याच सहलीच्या यादीत नसतात, पैसे कुठनं भरणार ती. मग त्या म्हातारबांसारख्या गाइडला रोजगार देऊन एक दिवस फडावरच आणा की, कारखान्यानं, ग्रामपंचायतीनं, कुणीही. आमच्या गावच्या फडावर आणणार असाल तर चहा-नाश्ता माझ्याकडं.