मेसिनाचा विळा

गावाच्या नावावरून वाद पेटला की कुणीतरी 'मूळ नाव' हा हुकमाचा पत्ता टाकतोच. मला अशा वेळी इटलीच्या सिसिली बेटावरचं मेसिना आठवतं.

या ग्रीक बंदराचं आधीचं नाव झांक्ले. 'झांक्लोन' म्हणजे विळा, आणि जागा विळ्यासारखी वाकडी म्हणून झांक्ले, असं ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो. गंमत म्हणजे शब्द ग्रीकांचा नव्हेच, तिथल्या सिकेल लोकांचा. गलबतं घेऊन आलेल्यांनी (पहिले आले ते चक्क चाचे, हेही तोच सांगतो) जमीन घेतली, नाव मात्र तिथलंच ठेवलं. इ.स.पू. सहाव्या शतकातल्या त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर विळ्याच्या कवेत एक डॉल्फिन पोहतोय आणि अक्षरं आहेत 'दांक्ले'. घ्या, मूळ नावातही झ की द हा घोळ आहेच!

पुढे इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला सामुद्रधुनीपलीकडच्या रेगिऑनचा सत्ताधीश अनाक्सिलास याने शहर ताब्यात घेतलं आणि नाव ठेवलं मेस्सेने, त्याचंच पुढे मेसिना झालं. त्याचं घराणं मूळचं ग्रीसमधल्या मेस्सेनियाचं, आणि तो मुलूख तेव्हा स्पार्टाच्या टाचेखाली. खुद्द मेस्सेनियात मेस्सेने नावाचं शहर वसलं ते इ.स.पू. ३६९ मध्ये. म्हणजे पूर्वजांच्या गावाकडचं नाव आधी परमुलखात रुजलं, घरी शंभरेक वर्षांनी पोचलं. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात आवडतो.

एका हुकूमशहाने वरून लादलेलं नाव. ते त्याच्याबरोबरच जायला हवं होतं ना? नाही गेलं. इ.स.पू. २८८ च्या सुमारास भाडोत्री सैनिकांनी शहर बळकावलं, पुरुषांना कापलं-हाकललं, घरं-बायका वाटून घेतल्या आणि मामेर्स या युद्धदेवावरून स्वतःला मामेर्तिनी म्हणवलं. नाण्यांवरही तेच कोरलं. त्यांच्याच भांडणात रोम पडलं आणि इ.स.पू. २६४ मध्ये रोम आणि कार्थेज यांच्यातलं पहिलं प्युनिक युद्ध सुरू झालं. एवढा दरारा, तरी शहराला ते नाव कायमचं चिकटलं नाही.

म्हणून 'जुनं ते खरं, लादलेलं ते खोटं' हे मला पटत नाही. अडीच हजार वर्षं लोक जे नाव घेऊन जगले, भूकंपात गाडले गेले, पुन्हा उभे राहिले, ते उपरं कसं म्हणायचं?

आणि विळा? बंदराला वळसा घालणाऱ्या त्या जमिनीच्या पट्ट्याला मेसिनाचे लोक आजही 'झोना फाल्काता' म्हणतात. म्हणजे विळ्यासारखा भाग. नकाशा उघडून बघा, पातं स्पष्ट दिसतं.