चीन एका खमक्या माणसामुळे पुढे गेला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चीनच्या आनहुई प्रांतातल्या शिआओगांग गावात १९७८ ला अठरा शेतकऱ्यांनी सामुदायिक शेतीची जमीन लपून घराघरांत वाटून घेतली, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय ते तळमळीने लिहिलंय हे कळतं, म्हणून नुसते आभार मानून सोडून देत नाही, सविस्तरच उत्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की अठरा शेतकऱ्यांची गोष्ट ही भावनिक सजावट आहे, चीन बदलला तो माओनंतर सत्तेची सूत्रं हातात घेतलेला डेंग शिआओपिंगसारखा खमका माणूस वर बसला होता आणि त्याला आडवे जाणारे विरोधी पक्ष, कोर्ट, पेपरवाले कुणी नव्हते म्हणून. १९८९ ला बीजिंगमध्ये तिआनानमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन सैन्याने गोळीबार करून मोडलं ते वाईट, पण त्याशिवाय देश टिकला नसता. आणि आपण मागे राहिलो ते लोकशाहीच्या लाडामुळे. मला यातलं काहीच पटत नाही, पण पहिल्या मुद्द्यावर जास्त बोलते कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे.

असं करणारं शिआओगांग हे एकटंच गाव नव्हतं आणि पुढे सरकारनेच तिथे म्युझियम उभारलं हे खरंय. पण त्याने तुमचा मुद्दा सिद्ध होत नाही. जमीन कुटुंबाकडे कसायला द्यायची, सरकारचा ठरलेला वाटा द्यायचा, उरलेलं घरात ठेवायचं, ही कल्पना १९७८ ची नाहीच मुळी. १९५६ ला वेनझोऊजवळच्या योंगजिया भागात हे करून बघितलं होतं, वर्षभरात बंद पाडलं. १९६१ ला आनहुई प्रांतात, उपासमारीने गावंच्या गावं ओस पडल्यावर, कम्युनिस्ट पक्षाच्याच प्रांतिक प्रमुखाने 'जबाबदारीची शेतं' म्हणून तेच सुरू केलं, पीक सुधारायला लागलं, आणि १९६२ ला माओने ते मोडून काढलं, त्या प्रमुखाचं पदही गेलं. म्हणजे उपाय माहीत होता. गावात माहीत होता, प्रांतात माहीत होता. तो आणखी सोळा वर्षं लांबला कारण सगळ्यात वरच्या एका माणसाला तो नको होता आणि त्याला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

आता डिसेंबर १९७८ ची पक्षाच्या केंद्रीय समितीची ती बैठक घ्या, जिच्यापासून सगळेजण सुधारणा मोजतात. त्या बैठकीत शेतीचा जो मसुदा मंजूर झाला त्यात कुटुंबाच्या नावाने असा करार करायला चक्क मनाई होती! आणि साधारण त्याच दिवसांत शिआओगांगची माणसं लपून एका घरात जमून कागदावर अंगठे उठवत होती, ठरवत होती की म्होरके तुरुंगात गेले किंवा जिवानिशी गेले तर त्यांची पोरं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. वरून सुधारणा येतेय असं वाटणारी माणसं असा करार करतील का? त्यांना १९६२ आठवत होतं, म्हणून पोरांची सोय आधी लावली.

पुढे काय झालं तर आनहुईचे तेव्हाचे पक्षप्रमुख वान ली यांनी आधी डोळेझाक केली आणि मग उघडपणे पाठीशी उभे राहिले, तिकडे सिचुआन प्रांतात तिथले पक्षप्रमुख झाओ झियांग यांनीही मोकळीक दिली, १९८० ला गरीब भागांपुरती परवानगी आली, १९८२ ला देशभर मान्यता, आणि १९८३ संपेपर्यंत जवळजवळ सगळी शेतकरी कुटुंबं या पद्धतीत आलेली होती. १९७८ ला साधारण ३० कोटी टन असलेलं धान्य १९८४ ला ४० कोटी टनांच्या वर गेलं. (हे सगळं करारामुळेच झालं असं मी म्हणत नाही, १९७९ ला सरकारने खरेदीचे भाव चांगलेच वाढवले, खतही जास्त मिळायला लागलं.)

डेंगचं श्रेय मी नाकारत नाही. त्यांनी हे होऊ दिलं, मोडलं नाही, आणि त्या देशात तेव्हा एवढंही फार होतं. गावागावात जे छोटे कारखाने उभे राहिले, ज्यात १९७८ ला तीनेक कोटी लोक कामाला होते आणि दहा वर्षांत नऊ कोटींच्या वर गेले, त्यांच्याबद्दल १९८७ ला डेंगनी परदेशी पाहुण्यांना स्वतः सांगितलं की याचा आम्हाला अंदाजच नव्हता, केंद्राचं हे श्रेय नाही. ज्यांना तुम्ही सगळं श्रेय देताय ते स्वतः ते घेत नाहीत, याचा विचार करा. आणि एक, हा माणूस सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे १९६६ पासून माओने पक्षातल्याच लोकांविरुद्ध काढलेल्या मोहिमेत, पदावरून फेकला गेला, जिआंगशीत ट्रॅक्टरच्या कारखान्यात कामाला लावला गेला, छळात त्यांचा मुलगा खिडकीतून पडून कायमचा अपंग झाला, परत आल्यावर १९७६ ला पुन्हा काढलं. म्हणूनच ऑगस्ट १९८० च्या भाषणात त्यांनी एकाच हातात साठलेली सत्ता आणि मरेपर्यंत न सोडलेली पदं यांना रोग म्हटलं, आणि १९८२ च्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाला सलग दोनच कार्यकाळ ठेवले. ती अट २०१८ ला काढून टाकली गेली.

आडवं जाणारं कुणीच नसलं की काय होतं हे १९५८ ला माओने उत्पादन झपाट्याने वाढवायची 'मोठी झेप' मोहीम काढली त्यानंतर दिसलंच. खालचे अधिकारी उत्पादनाचे फुगवलेले आकडे वर पाठवायचे, त्या आकड्यांवर धान्याची वसुली व्हायची, गावात माणसं मरत असताना १९५९ ला निर्यात चालू होती. त्याच वर्षी लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी माओला पत्र लिहून हे सांगायचा प्रयत्न केला, त्यांनाच गद्दार ठरवलं. किती लोक मेले याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत जातात, बरेच अभ्यासक तीन कोटींच्या आसपास धरतात. आपल्याकडे ७२ च्या दुष्काळात हाल काय कमी झाले? मिलो खाल्ली, सुकडीवर दिवस काढले, बायकांनी खडी फोडली. पण मोर्चे निघत होते, विधानसभेत आरडाओरड होती, पेपरात बातम्या येत होत्या, आणि एका टप्प्यावर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. तो लोकशाहीचा लाड नव्हता हो, त्याने जीव वाचले.

तिआनानमेनबद्दल तुम्ही जे एका वाक्यात लिहून टाकलंत त्याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. ती मुलं सुधारणेच्या विरोधात नव्हती. तेव्हा एकाच मालाला दोन भाव असायचे, एक सरकारी, एक बाजारचा, आणि ओळखीवाले साहेबलोक सरकारी भावात घेऊन बाजारात विकून गब्बर होत होते, १९८८ ला महागाई १८ टक्क्यांच्या वर गेली, लोक बँकेतून पैसे काढून मिळेल ते विकत घेऊन ठेवत होते. राग त्याचा होता. आणि गोळीबाराने सुधारणा वाचली म्हणता, तर त्यानंतर अर्थव्यवस्थेच्या वाढीचा दर ४ टक्क्यांच्या आसपास घसरला, मुलांवर बळ वापरायला विरोध करणारे झाओ झियांग, जे तोवर पक्षाचे सरचिटणीस झाले होते, २००५ ला मरेपर्यंत नजरकैदेत राहिले, सुधारणा नको असलेली जुनी मंडळी परत डोकं वर काढायला लागली. १९९२ ला ८७ वर्षांच्या डेंगना दक्षिणेत शेनझेन, झुहाई फिरून सुधारणेची गाडी परत ढकलून सुरू करावी लागली, आणि बीजिंगचे मोठे पेपर सुरुवातीला ते छापतही नव्हते. डिंग झिलिन या प्राध्यापिकेचा १७ वर्षांचा मुलगा त्या रात्री गोळीने मेला. त्यांनी आणि इतर आयांनी एकेक नाव शोधत दोनशेच्या वर मृतांची यादी केली, त्यासाठी वर्षानुवर्षं पाळत सोसली. "देश टिकला" हे त्या बाईसमोर म्हणता येईल का?

राहिला भारत का मागे राहिला हा प्रश्न, आणि तो अगदी बरोबर विचारलाय. १९८० च्या आसपास चीनमध्ये जवळपास दोन तृतीयांश प्रौढ माणसं साक्षर होती, आपल्याकडे १९८१ च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त निरक्षर. त्यांचं सरासरी आयुष्य साठीच्या बरंच पुढे गेलेलं, आपलं पंचावन्नच्या आसपास. गावोगावचे 'अनवाणी डॉक्टर' (थोडं प्रशिक्षण दिलेले गावातलेच आरोग्यसेवक), लसीकरण, प्राथमिक शाळा, हे माओच्या काळातलं काम आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. कारखाने आले तेव्हा वाचता येणाऱ्या, धडधाकट मुली तिथे तयार होत्या. आपण तिथे कमी पडलो, पण मतदान होतं म्हणून कमी पडलो नाही, केरळने निवडणुका घेतच शाळा आणि दवाखाने उभे केले. १९९० नंतर सरकारी कारखान्यांतून घरी बसवलेल्या कोट्यवधी कामगारांचं तुम्ही शेवटी विचारलंय, ते ईशान्येच्या लिआओनिंग प्रांताकडच्या कामगारांबद्दल वेगळंच लिहिते, इथे चार ओळींत उरकण्यासारखं नाही ते.