चुलीचा धूरही मोजा
सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार; त्याच्या रुग्णांच्या श्वासनलिकेतल्या पेशी उष्णतेला कसं तोंड देतात, हे तुम्ही छापलेल्या लेखात छान उलगडलंय. उष्णतेनं पेशीतली प्रथिनं घडी सोडतात, म्हणजे त्यांचा आकार बिघडतो, मग एचएसपी ७० सारखी मदतनीस प्रथिनं त्यांना परत सावरतात. पण लेखाचा सगळा भर सिगारेटवर, हे खटकलं. आमच्या परभणीकडं कितीतरी बायकांनी आयुष्यात विडी ओढली नाही, तरी पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) चुलीपुढं बसून त्यांना हाच आजार जडलाय. धुरानं आधीच शिणलेल्या त्या पेशींवर मे महिन्यातला ४३-४४ अंशांचा पारा, त्यात पत्र्याचं घर! माझ्या मावशीला उन्हाळ्यात रात्र रात्र बसून काढावी लागते. गावातल्या आशाताईंनी (आशा आरोग्यसेविकांनी) मार्चमध्येच अशा घरी जावं, आणि इनहेलर तापत्या पत्र्याखाली ठेवू नका, हेही सांगावं.