‘वळणावर रेडिओ मेला’ : तुमच्या एका स्टारच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार.

रेडिओवर चालणारं मॉडेल विमान तिसऱ्याच उड्डाणात जमिनीत घुसलं, म्हणजे राग येणारच. तुमची तक्रार थोडक्यात अशी: साधारण १०० मीटरवर वळण घेताना मोटर बंद पडली, एलेरॉन (पंखांवरच्या हलत्या पट्ट्या) आणि एलिव्हेटर (शेपटीवरची पट्टी) ऐकेनात, विमान कोसळलं. उचलायला गेलात तर सगळे सर्व्हो (या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) व्यवस्थित हलत होते आणि विमानातल्या रिसीव्हरचा दिवा लुकलुकत होता. म्हणून रेडिओ बोगस, रेंज खोटी, आणि आम्ही ‘आधी भाग पाठवा, मग बघू’ म्हणून तुम्हाला टोलवलं.

रेडिओ बोगस आहे हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच अभिप्रायात आहे. मधे एका ओळीत तुम्ही लिहिलंय की किटमधले प्लॅस्टिक गिअरचे सर्व्हो नाजूक वाटले, म्हणून चार मेटल गिअरचे डिजिटल सर्व्हो बसवले. माझा संशय त्या ओळीवर आहे, कारण असे सर्व्हो सहसा जास्त करंट ओढतात.

रिसीव्हर आणि सर्व्होंना वेगळी बॅटरी नसते. मोटरचीच तीन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) त्यांनाही वीज देते, आणि ती पूर्ण चार्ज झाली की १२.६ व्होल्टची असते. त्यातून ५ व्होल्ट काढून देण्याचं काम ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमधला) बीईसी नावाचा भाग करतो. तुमच्या ईएससीत तो लिनिअर प्रकारचा आहे, म्हणजे वरचे व्होल्ट तो उष्णता करून फुकट घालवतो. सर्व्होंनी १ अँपिअर ओढला तर साडेसात वॅट उष्णता, २ अँपिअर ओढले तर पंधरा. एवढ्याशा चिपला हे फार झालं. जमिनीवर काही जाणवत नाही, कारण तेव्हा एलेरॉनवर हवेचा जोर नसतो. वेगात वळताना एलेरॉन आणि एलिव्हेटर एकदम दिला की सगळे सर्व्हो एकाच वेळी करंट मागतात. बीईसी आधीच तापलेला असेल तर व्होल्टेज बसतं, रिसीव्हर बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. ईएससीला सिग्नल मिळत नाही म्हणून मोटरही थांबते. सगळं सावरायला एक-दोन सेकंद लागतात, पण कमी उंचीवर तेवढा वेळ विमानाला मिळत नाही. जमिनीवर पडल्यावर मात्र सगळं ठणठणीत दिसतं. या रिसीव्हरचा दिवा वीज मधेच तुटून परत आली की लुकलुकत राहतो. नुसता सिग्नल गेला असता तर तो तसा लुकलुकला नसता.

(मेटल गिअर म्हणजे भारी, हा समज हौशी मंडळींत फार घट्ट आहे. शिकाऊ फोमच्या विमानाला त्याची काही गरज नसते.)

बाकीच्या शक्यता मी का बाजूला ठेवतो तेही सांगतो. बॅटरी उतरली असती तर ईएससीने फक्त मोटरची वीज तोडली असती आणि सर्व्हो चालू राहिले असते, तुम्ही विमान घसरत उतरवू शकला असता. एखादा सर्व्हो किंवा पुशरॉड (सर्व्होला पट्टीशी जोडणारी काडी) गेला असता तर एकच भाग अडला असता. विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं वाटून नवखे गोंधळतात, पण त्यात मोटर थांबत नाही.

अँटेनाचा प्रश्न असू शकतो, म्हणून तो तपासाच. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरच्या तारेचं टोकाकडचं उघडं ३१ मिलिमीटर हाच खरा अँटेना. तो वाकलेला, कापलेला किंवा बॅटरीला चिकटलेला नको. दोन तारा असतील तर एकमेकींशी काटकोनात ठेवा. हातातल्या ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नका, टोकाच्या दिशेला सिग्नल सर्वांत कमी जातो. मग ट्रान्समीटर रेंज-चेकवर (मुद्दाम कमी ताकदीच्या तपासणी मोडवर) टाका, सोबत्याला विमान धरायला सांगा आणि तीस पावलं मागे या. मोटर बंद असताना आणि चालू असताना, दोन्ही वेळा सर्व्हो न अडखळता हलले पाहिजेत. प्रॉपेलरसमोर कुणाचेही हात नकोत.

वीज तपासताना मात्र प्रॉपेलर काढूनच ठेवा. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला सर्व्होची एक वायर लावून मधल्या लाल तारेला आणि काळ्या किंवा तपकिरी तारेला मल्टिमीटर जोडा. थ्रॉटल तळाशी ठेवून बाकीचे सगळे कंट्रोल काही मिनिटं एकत्र हलवा, बीईसी तापू दे. सोबत्याने एलेरॉन बोटाने हलकेच अडवावा. आकडा ५ च्या आसपास टिकला तर ठीक. साडेचारच्या खाली जाऊ लागला तर दोषी सापडला. साधा मल्टिमीटर क्षणिक घसरण पकडत नाही, म्हणून दिव्याकडेही बघत राहा.

उपाय दोन. जुने सर्व्हो परत बसवा, किंवा ३ अँपिअर किंवा त्याहून जास्तीचा वेगळा स्विचिंग (लिनिअरपेक्षा कमी तापणारा) बीईसी लावा. वेगळा लावलात तर ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या वायरीतली लाल तार प्लगमधून काढून टेप करा. दोन बीईसींनी एकमेकांवर वीज ढकलता कामा नये.

राहिला टोलवण्याचा मुद्दा. फोटोवरून व्होल्टेज कळत नाही, म्हणून भाग मागवतो. रिसीव्हर, ईएससी आणि आत्ताचे चारही सर्व्हो एकत्र पाठवा. तुमच्याच सर्व्होंवर लोड देऊन आम्ही तपासू, त्याचे पैसे नाहीत. मूळ चार सर्व्हो लावल्यावरही रिसीव्हर बंद पडला, तर रिसीव्हर आणि ईएससी दोन्ही बदलून देऊ आणि तुमच्या अभिप्रायाखाली तसं लिहू. तुटलेलं फोम वॉरंटीत येत नाही, तिथे सूट देता येणार नाही.

पडलेली लायपो पार्सलमध्ये घालू नका. फुगली किंवा चेपली असेल तर चार्जही करू नका, घरापासून दूर, जळणार नाही अशा जागी ठेवा.